चांदा-गडचिरोलीच्या पवित्र शिळा

नागपूरहून चंद्रपूरकडे येणाऱ्या रस्त्यावर वरोरा मागे पडले की भद्रावती लागते. रेल्वे स्थानकाने गावाचे जुने नाव, भांदक, अजून जपून ठेवले आहे. विदर्भातील, गुजरातेतील आणि मारवाडातील जैन कुटुंबांना हे गाव ठाऊक आहे ते स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांच्या तीर्थामुळे. यात्रेकरू येतात, सेवा-पूजा करतात, भोजनशाळेत जेवतात, धर्मशाळेत एखादा मुक्काम करतात आणि परततात. चंद्रपूर जिल्ह्याशी बहुतेकांचा संबंध एवढ्यावरच संपतो. व्यापारानिमित्त येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते कोळसा, लाकूड, तांदूळ आणि तेंदूपत्त्याच्या वाटेने येतात, आणि त्यांना देवळांकडे पाहण्यास सहसा सवड नसते.

तीर्थाची परंपरा अशी सांगते की विक्रम संवत १९६६ मध्ये, म्हणजे इ. स. १९१० च्या सुमारास, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे व्यवस्थापक चतुर्भुजभाई यांना स्वप्नात भांदकचे अरण्य, एक नाग आणि एक लुप्त झालेले तीर्थ दिसले. शोध घेत ते येथे पोहोचले, तेव्हा झाडीतील भग्न अवशेषांत त्यांना पार्श्वनाथांची प्राचीन अर्धपद्मासनस्थ प्रतिमा आढळली. पुढे जागा मिळाली, संघाने मंदिर उभारले आणि विधिपूर्वक प्रतिष्ठा झाली. भाविकांच्या स्मरणात राहते ते स्वप्न. परंतु याच परंपरेत एक लहानसा तपशील आहे, तो सहसा घाईने सांगून टाकला जातो. प्रतिमा सापडली तेव्हा ती बेवारस पडलेली नव्हती. आसपासची माणसे तिला शेंदूर लावीत होती आणि ‘केसरिया बाबा’ म्हणून तिच्यापुढे हात जोडीत होती. आज ज्या नावाने तीर्थ ओळखले जाते त्या नावातच रानातल्या माणसांचा तो शेंदूर उरला आहे.

त्या माणसांना तेविसावे तीर्थंकर ठाऊक नव्हते. त्यांना कल्याणके, लांछन, शासनदेवता यांपैकी काहीही माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही मंदिर ढासळले, संघ विखुरला, रान वाढले आणि या साऱ्या काळात प्रतिमेवर कोणी घाव घातला नाही. शिखराचे दगड घरांच्या जोत्यात गेले असतील, पण पूजेतला दगड जागच्या जागी राहिला. चांदा आणि गडचिरोलीच्या वनप्रदेशात दगडाशी माणसाचे जे नाते आहे, त्याचा हा पहिला पुरावा जैन यात्रेकरूला त्याच्याच तीर्थात मिळतो.

भद्रावतीत नाग सर्वत्र आहे. पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागफणा आहेच. गावात भद्रनागाचे जुने देवालय आहे आणि तेथे नागाची पूजा अखंड चालत आली आहे. गावाजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. बाजूलाच कोळशाच्या खाणी आहेत. एकाच शिवारात दगड पोखरून बुद्ध कोरले गेले आणि दगड पोखरून कोळसाही काढला गेला. या प्रदेशाच्या इतिहासात ही दोन कामे फार दूर कधीच नव्हती, आणि पुढील प्रवासात ती पुन्हा पुन्हा समोर येतात.

दगड पवित्र कसा होतो, हा प्रश्न जैन समाजाला नवा नाही. मूर्तिपूजक परंपरेत पाषाण निवडणे, घडविणे, अंजनशलाका करणे, प्रतिष्ठा करणे अशा क्रमाने तो पूज्य होतो, आणि तरीही प्रतिमेत तीर्थंकर येऊन बसलेले नाहीत, ते सिद्धशिलेवर आहेत आणि प्रतिमा हे आलंबन आहे, अशीच भूमिका राहते. पंधराव्या शतकात लोंकाशाहांनी या साऱ्यालाच प्रश्न विचारला आणि त्यातून पुढे मूर्ती न मानणारी स्थानकवासी परंपरा उभी राहिली. एकाच घरात आजी देरासरात आणि आजोबा स्थानकात, असे चित्र कित्येक व्यापारी कुटुंबांनी पाहिले आहे. मात्र दोन्ही परंपरांतील लहान मुले पाठशाळेत एक गोष्ट सारखीच शिकतात: पृथ्वीकाय. माती, दगड, धातू, खनिजे ही जमिनीत आहेत तोवर सचित्त आहेत, त्यांना एकेंद्रिय जीव आहे, आणि त्यांच्या सात लाख योनी आहेत. प्रतिक्रमणात त्यांची क्षमा मागितली जाते. न घडविलेला, नाव नसलेला, डोंगराच्या पोटातला दगड हा काहीतरी आहे, हे मानणारा समाज जगात विरळा. त्या विरळ समाजांतील एक जैनांचा आहे, आणि दुसरा या रानात राहतो.

चंद्रपूर शहर हे गोंड राजांचे. परकोट, वेशी, अचलेश्वर, महाकाली ही त्यांची खूण. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसांचे थवे येतात. परंतु शहराच्या दक्षिण अंगाला, लालपेठ-बाबूपेठेच्या परिसरात, जे काही पडून आहे त्याची वाट पुष्कळांना विचारावी लागते. तेथे उघड्यावर प्रचंड एकसंध पाषाणमूर्ती आहेत. दशमुखी दुर्गा आहे, तिची लांबी सुमारे पंचवीस फूट भरते आणि ती आडवी निजलेली आहे. गणपती आहे, नंदी आहे, मत्स्य आहे, कच्छप आहे. पुरातत्त्व खात्याने त्यांना संरक्षण दिले आहे. लोक त्या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात.

या मूर्तींचा यजमान राजा नव्हता. परंपरेने नाव सांगितले जाते ते रायप्पा नावाच्या एका कोमटी व्यापाऱ्याचे. गोंड राजवटीत त्याने अमाप पैसा मिळविला आणि अचलेश्वरालाही मागे टाकील असे शिवालय बांधण्याचा संकल्प केला. मूर्ती आधी घडविल्या, मंदिर नंतर उभे राहायचे होते. मंदिर उभे राहण्यापूर्वीच रायप्पा वारला. पुढच्या पिढीने काम हाती घेतले नाही. मूर्ती जिथे घडविल्या तिथेच राहिल्या, कारण त्या हलविणेही सोपे नव्हते.

व्यापारी कुटुंबातील वाचकाला या कथेत ओळखीचे पुष्कळ सापडेल. वडिलांचा संकल्प मुलांना आपला वाटत नाही, हे दुकानाच्या बाबतीत घडते आणि देवळाच्याही. पण लालपेठेत अधिक लक्षात राहतो तो लोकांचा व्यवहार. प्राणप्रतिष्ठा न झालेल्या, शास्त्राप्रमाणे अद्याप केवळ घडीव दगड असलेल्या या मूर्तींना लोकांनी फुले वाहिली, कुंकू लावले. विधी झाला नाही म्हणून लोकांची श्रद्धा थांबून राहिली नाही.

लालपेठेसारखीच एक कथा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात सांगितली जाते. तेथे इंका लोकांचे राज्य होते आणि कुस्को ही त्यांची राजधानी. कुस्कोच्या माथ्यावरील साक्सायवामान या पाषाणकोटासाठी एक अवाढव्य शिळा ओढून आणली जात होती. वाटेत ती दमली, तिने रक्ताचे अश्रू ढाळले आणि पुढे जाण्यास नकार दिला. इंका राजकन्येच्या पोटी जन्मलेल्या गार्सिलासो या लेखकाने १६०९ साली ही कथा लिहून ठेवली. ‘सायकुस्का’, म्हणजे थकलेली शिळा, या नावाने ती प्रसिद्ध झाली. रायप्पाचे दगड आणि ही शिळा यांत एक फरक आहे. चांद्यात माणूस थांबला म्हणून दगड थांबले, कुस्कोत दगडालाच थांबण्याची इच्छा झाली. इंकांच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हते. पवित्र जागेला ते ‘वाका’ म्हणत. झरा, गुहा, शिखर, शेतातला एखादा खडक, यांपैकी काहीही वाका असे. स्पॅनिश धर्मगुरू बर्नाबे कोबो याने १६५३ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात कुस्कोभोवतीच्या ४१ रेषांवरील ३२८ वाकांची यादी दिली आहे, आणि त्यांतील फार मोठा भाग झऱ्यांचा आणि दगडांचा आहे. प्रत्येक वाकाला आपापले कुळ होते, आणि त्याची सेवा कोणी करायची हे ठरलेले असे. देरासरात पूजेचे वारे वाटून घेणाऱ्या संघांना ही व्यवस्था अपरिचित वाटू नये.

चंद्रपूर सोडून पूर्वेकडे निघाले की मूलपर्यंत जंगल आणि भाताची शेते आलटून पालटून दिसतात. उत्तरेला चिमूर तालुक्यात हिरापूर येथे महापाषाणयुगातील शिळास्मारके आहेत. उभे दगड, आणि मोठमोठ्या शिळा आडव्या टाकून केलेली छतासारखी रचना. विदर्भात अशी स्थळे पुष्कळ आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे तर एकोणिसाव्या शतकातच अभ्यासली गेली. ज्या लोकांनी ही स्मारके उभारली त्यांना लोखंड गाळता येत होते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात त्यांची लोखंड वितळविण्याची भट्टीच सापडली. पूर्वजांसाठी दगड उभा करणारे हात आणि दगडातून लोह काढणारे हात तेव्हा एकाच समाजाचे होते. पुढे ते वेगळे झाले.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. चांदा जिल्ह्यापासून हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भूभाग वनाखाली आहे. चामोर्शीपासून थोड्या अंतरावर मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर वालुकाश्माच्या मंदिरांचा समूह उभा आहे. विदर्भाचे खजुराहो म्हणून त्याची ख्याती आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. मार्कंड्याची शिल्पे पाहण्यासारखी आहेतच, त्यांवर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. येथे एवढेच नोंदवावे की या नदीच्या काठी छिन्नीने घडविलेला देव अखेरचा भेटतो. दक्षिणेला आष्टी, आलापल्ली ओलांडून रस्ता जसजसा रानात शिरतो, तसतशा मूर्ती संपतात आणि दगड सुरू होतात.

भामरागड हे माडियांचे गाव. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा येथे संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. जवळच हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प आहे, आणि बाहेरून येणारे पाहुणे बहुधा त्यासाठीच येतात. या भागात माडिया गावांच्या बाहेर, कधी अगदी रस्त्याच्या कडेला, मातीत उभे रोवलेले दगड दिसतात. काही कमरेइतके, काही पुरुषभर उंच. जुन्या दगडांवर शेवाळ आणि बुरशीचे पांढरे डाग, नव्यांची माती अजून भुसभुशीत. त्यांवर अक्षर नाही, आकृती नाही. ते मृतांचे दगड आहेत.

माडियांच्या घरी माणूस गेला की आप्त त्याच्यासाठी दगड शोधतात, तो वाहून आणतात आणि पूर्वजांच्या दगडांजवळ उभा करतात. इंद्रावतीपलीकडे बस्तरात अशा दगडाला ‘उरसकल’ म्हणतात. त्यातील ‘कल’ म्हणजे दगड. दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांच्या गावी जो वीरगळ असतो, त्यातील ‘गळ’ हाच शब्द, कानडीतील ‘कल्लु’. जैनांना याहूनही जवळचे उदाहरण आहे. श्रवणबेळगोळ येथे सल्लेखना घेऊन देह ठेवणाऱ्या साधू-साध्वींच्या आणि श्रावक-श्राविकांच्या स्मरणार्थ निषिधी उभारल्या गेल्या, आणि त्यांवरील लेख आज जैन इतिहासाचे मोठे साधन मानले जातात. निषिधीचा दगड गेलेल्याचे नाव आणि व्रत सांगतो. माडियांचा दगड काहीच सांगत नाही. त्याला गावच ओळखते. कोणता दगड कोणाचा, हे सांगणारी शेवटची व्यक्ती गेली की तो दगड ‘आपल्यांपैकी एकाचा’ एवढाच उरतो, आणि त्यात कोणाला उणे वाटत नाही.

या दगडांविषयी एक समजूत जुन्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. रोवलेला दगड काळाच्या ओघात वाढला, तर गेलेला जीव समाधानी आहे, असे मानले जाई. मापाची काठी घेऊन कोणी दगड वाढतो का हे पाहत बसेल, तर त्याच्या हाती काही लागणार नाही. पण वाढतो तो जिवंत, ही त्यामागची धारणा पृथ्वीकाय शिकलेल्या मुलालाही कळेल. फरक अर्थातच मोठा आहे. जैन दृष्टीने दगडातील जीव हा त्या दगडाचाच, कर्माने बांधलेला, पूजेचा विषय नसलेला जीव. माडियांच्या दृष्टीने दगड हे पूर्वजाचे घर आहे. पेरूच्या डोंगरांत गावाच्या किंवा शेताच्या मध्यावर ‘वांका’ नावाचा उभा दगड असे. तो गावाच्या मूळ पुरुषाचे शिळारूप मानला जाई आणि शेताच्या पाण्याचा पहिला मान त्याला मिळे. भामरागडचा माणूस तिथे गेला असता, तर त्याला भाषा कळली नसती, पण दगड कळला असता.

याच ठिकाणी जैन वाचकाला एक अडचण जाणवेल, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वजांच्या दगडापुढे आणि रानातील देवांपुढे कोंबडे-बकऱ्यांचा बळी दिला जातो, मोहाची दारू शिंपडली जाते. अहिंसेवर वाढलेल्या मनाला हे पाहवत नाही आणि पाहवू नये. तरीही हिशेब लिहायचाच तर दोन्ही बाजूंचा लिहावा लागतो. वर्षातून एकदा बकरा कापणारे माडिया डोंगर फोडत नाहीत. भूमीला इजा होते म्हणून नांगरालाही नाकारणारे समाज मध्य भारतातील याच अरण्यांत होऊन गेले. कोणती हिंसा कोणत्या वहीत नोंदवायची, हा प्रश्न आपल्या आगमांनीही मोकळा ठेवलेला नाही. श्रावकाने टाळावयाचे जे पंधरा व्यवसाय, म्हणजे पंधरा कर्मादाने, ‘उपासकदशांग’ सूत्रात सांगितली आहेत, त्यांत वनकर्म आहे, कोळसा पाडण्याचे अंगारकर्म आहे आणि स्फोटकर्म, बोलीभाषेतील फोडीकर्म, आहे. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा खुलासा केला आहे: जमीन खणून, शिळा फोडून उपजीविका करणे. चांदा-गडचिरोलीच्या अर्थव्यवस्थेचे तीन मोठे आधार कोणते, असे विचारले तर उत्तर या यादीतूनच द्यावे लागेल.

आलापल्लीला परत येऊन दुसरा रस्ता धरला की एटापल्ली आणि त्यापुढे सुरजागड. हा डोंगर लोहखनिजाचा आहे. चांदा जिल्ह्याच्या लोखंडाकडे लक्ष जाणे नवे नव्हे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने येथील लोहखनिजावर अहवाल लिहिला. त्यातील लोहाऱ्याच्या खनिजाची हकिकत जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आली आणि पोलादाच्या कारखान्याचे त्यांचे स्वप्न तेथून सुरू झाले. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा ठरला नाही, कारखाना शेवटी साकचीला, आजच्या जमशेदपूरला गेला, आणि चांद्याचे रान आणखी शंभर वर्षे तसेच राहिले. टाटांच्या चरित्रात हा प्रसंग अपयशाचा म्हणून येतो. सुरजागडच्या बाजूने पाहिले तर ती मुदतवाढ होती.

सुरजागडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. परिसरातील सत्तर गावांचा हा इलाका, आणि ठाकूरदेव त्या साऱ्यांचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे यात्रा भरते. गोंडीत देवाला ‘पेन’ म्हणतात. पेन डोंगरावर राहतो, असे म्हटले तर अर्थ थोडा निसटतो. देवळाला पाया असतो आणि पायाखाली जमीन असते, हे नाते इथे लावता येत नाही. डोंगर काढून टाकला आणि ठाणे सन्मानाने दुसरीकडे हलविले, तर देव हलला असे होत नाही. शहरातील माणसाला ही गोष्ट हट्टाची वाटते.

२००७ साली या डोंगरावरील सुमारे ३४८ हेक्टर जागेचा खाणपट्टा एका खासगी कंपनीला देण्यात आला. ग्रामसभांनी विरोध केला. खनन प्रत्यक्ष सुरू झाले ते २०१६ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरील ऐंशीच्या आसपास वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ पासून ते पुन्हा सुरू झाले आहे आणि आता पुष्कळ मोठ्या प्रमाणावर चालते. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखाना उभा राहिला. रोजगार आला, हेही खरे आहे. ज्या तालुक्यांतील तरुण कामासाठी तेलंगणात मिरची तोडायला जात, त्यांतील काहींना घराजवळ पगार मिळू लागला. गडचिरोली, आलापल्ली, आष्टी येथील दुकानदारांचा धंदा वाढला, टायरपासून किराण्यापर्यंत. त्या दुकानदारांत आपल्या समाजाची कुटुंबेही आहेत.

डोंगरालाच देव मानणाऱ्यांचे म्हणणे न्यायालयात टिकते का, याचे उत्तर ओडिशातील नियमगिरीने दिले आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोंगराशी निगडित धार्मिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांनी करावा. डोंगरिया कोंधांच्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि नियमराजाचा डोंगर राहिला. सुरजागडला तसा निवाडा लाभला नाही.

दहा वर्षांनी हाच प्रश्न जैन समाजाच्या दाराशी आला. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेल्या सम्मेद शिखरजीच्या परिसराला पर्यटनस्थळाचे रूप देण्याच्या हालचालींविरुद्ध २०२२ च्या डिसेंबरात देशभर मोर्चे निघाले. गावोगावच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. जयपूरमध्ये एका मुनिराजांनी अनशनात देह ठेवला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनाला स्थगिती दिली. त्या दिवसांत समाजाने जे सांगितले ते असे होते: टोंका आणि चरणपादुका एवढेच तीर्थ नव्हे, अख्खा डोंगर तीर्थ आहे, त्याच्यावर अनवाणी चालायचे असते, त्याच्यावर खाणेपिणे करायचे नसते, त्याचा कणन् कण पूज्य आहे. सुरजागडचा माडिया याहून वेगळे काही सांगत नाही. शिखरजीच्या डोंगराला संथाळ आदिवासीही देव मानतात, मारांग बुरू या नावाने, आणि त्यांचे दुःखही तेव्हा वृत्तपत्रांतून थोडेफार छापून आले होते. फार थोड्या जैन घरांत ते वाचले गेले असावे.

पेरूमध्ये स्पॅनिशांनी वाका मोडण्यासाठी अधिकारी नेमले होते. पाब्लो होसे दे आरियागा या धर्मगुरूने १६२१ साली त्या मोहिमेवर पुस्तकच लिहिले. मूर्ती जाळता येत, शिळा फोडता येत, पण डोंगर आणि मोठे खडक जागचे हलविता येत नसत, ही त्या काळच्या अधिकाऱ्यांची मोठी अडचण होती. मग त्यांवर क्रूस उभारले गेले, आणि लोक तेथे येत राहिले. आजच्या यंत्रांना ती अडचण उरलेली नाही.

यात्रेच्या दिवसांत एटापल्लीच्या रस्त्यावर दोन प्रकारची वर्दळ असते. भल्या पहाटे गावागावांतून माणसे निघतात. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, पुरुषांच्या खांद्यावर कावड, सोबत ढोल आणि गावदेवाची निशाणे. समोरून खनिजाचे ट्रक येत असतात. तांबडी धूळ दोन्हीकडच्या सागाच्या पानांवर आणि माणसांच्या कपड्यांवर सारखीच बसते. ट्रक येताना दिसला की माणसे रस्ता सोडून कडेच्या गवतात उतरतात, तो जाईपर्यंत थांबतात, आणि पुन्हा डोंगराकडे चालू लागतात.